पाण्याचे प्रश्न : बाटलीत न सापडलेले धातू

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की ओढ्या-नदीतल्या जड धातूंचा माग काढायचा असेल, तर पाण्याच्या बाटलीइतकाच दगडावरचा बुळबुळीत थर तपासायला हवा. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या महिन्यात बाकी विषय बाजूला ठेवले आहेत. आरओच्या फिल्टरबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख थोडक्यात: शिक्षण रसायनशास्त्राचं, नोकरी कोल्हापुरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. शेवाळाकडे मी वळले ती धातूंच्या मागे जाता जाता, झाडापानांच्या आवडीनं नव्हे. त्यामुळे उत्तरं थोडी रुक्ष वाटली तर चालवून घ्या.

प्रश्न : मॅडम, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला प्लेटिंगची दोन-तीन युनिटं आहेत. ओढ्याला कधी हिरवट, कधी पिवळसर पाणी येतं, तेही रात्रीचं. ग्रामपंचायतीनं पाणी तपासायला दिलं, तर ‘धातू मर्यादेत’ असा अहवाल आला. पण ओढ्यातल्या गोगलगायी गेल्या त्या गेल्याच. प्रयोगशाळा खोटं सांगते काय? (निवृत्त शिक्षक, तालुका हातकणंगले)

गुरुजी, अहवाल खरा असेल आणि तुमचं म्हणणंही खरं असेल. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. बाटली भरली ती सकाळी दहा-अकराला, ग्रामसेवक आल्यावर. पाणी सुटलं रात्री दोनला. वाहत्या ओढ्यातलं ते पाणी पहाटेपर्यंत पार खाली निघून गेलं. बाटलीत जे आलं ते अकराच्या सुमाराचं पाणी, आणि त्यात खरोखरच काही नव्हतं.

दगड मात्र रात्री दोनलाही तिथंच होता. त्याच्यावर जो निसरडा तपकिरी-हिरवा थर असतो, ज्याला शास्त्रात बायोफिल्म म्हणतात, तो नुसतं शेवाळ नसतो. त्यात डायटम नावाची काचेच्या कवचाची सूक्ष्म शैवलं असतात, हिरवी आणि निळी-हिरवी शैवलं असतात, जिवाणू, बुरशी, त्यांच्यावर चरणारे एकपेशीय प्राणी असतात. हे सगळे मिळून एक चिकट डिंकासारखा पदार्थ सोडतात आणि त्यातच राहतात. या चिकट्यावर कार्बॉक्सिल आणि फॉस्फेटचे गट असतात, त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. तांबं, जस्त, कॅडमियम, शिसं हे पाण्यात बहुतेक धनभारित आयन म्हणून फिरतात. ते तिथं चिकटतात, आणि चिकटायला काही मिनिटं ते काही तास पुरतात. त्यातला काही भाग पेशीच्या आत जातो. सुटायला मात्र वेळ लागतो. त्यामुळे रात्रीचा लोंढा निघून गेल्यावरही त्याची खूण थरात काही दिवस, कधी काही आठवडे राहते. शिवाय पाण्यात लिटरला काही मायक्रोग्रॅम असलेला धातू थरात हजारो पटींनी साठलेला असतो, त्यामुळे मोजायला यंत्रालाही सोपं जातं.

आता तुमच्या ओढ्यासाठी एक खास अडचण सांगते, कारण प्लेटिंग म्हटलं की लोक आधी क्रोमियमचं नाव घेतात. पिवळं पाणी बहुधा सहा-संयुजी क्रोमियमचं असतं, आणि ते पाण्यात क्रोमेट म्हणून, म्हणजे ऋणभारित असतं. ऋणभारित थर त्याला तितकासा धरत नाही. थोडंफार तीन-संयुजी होऊन अडकतं, पण बरंचसं पुढं जातं. म्हणजे थरात क्रोमियम कमी दिसलं म्हणून ते सोडलंच नाही असा निष्कर्ष काढायचा नाही. हिरवट पाणी निकेलचं असण्याची शक्यता मोठी. तांबं आणि जस्त थरात चांगलं सापडेल. प्लेटिंगवाला एकाच धातूवर थांबत नाही. खाली तांब्याचा थर, त्यावर निकेल, वर क्रोम, अशी चढण असते. म्हणून तांबं आणि निकेल हे दोन साक्षीदार आधी शोधा.

दुसरी अडचण ॲसिडची. धुण्याच्या टाकीतलं आम्ल तसंच सोडलं तर पाण्याचा पीएच घसरतो, आणि आम्लधर्मी पाण्यात हायड्रोजनचे आयनच थरातल्या जागा अडवून बसतात. धातूला चिकटायला जागा उरत नाही. नळाच्या तोंडाशी, जिथं ॲसिड सर्वांत तीव्र, तिथला दगड फसवू शकतो. थोडं खाली, पीएच पुन्हा सातच्या आसपास आलेला असतो तिथला दगड घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: युनिटांच्या वरच्या बाजूचाही दगड घ्या. खालच्या एकट्या दगडाचा आकडा घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात तर मी काही सांगू शकणार नाही. आपल्याकडे थरातल्या धातूला कायद्यानं ठरवलेली मर्यादाच नाही. मर्यादा आहेत त्या पाण्याला. त्यामुळे थराचा आकडा दाखवून तुम्ही कोणावर कारवाई करू शकणार नाही. पण वर किती, खाली किती, हे हातात असलं की प्रदूषण नियंत्रण मंडळाला ‘अमुक ठिकाणी रात्री नमुना घ्या’ असं नेमकं सांगता येतं. माझ्या मते या तपासणीचा खरा उपयोग हाच आहे: बाटली कुठं आणि कधी भरायची ते ती सांगते.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कृष्णेच्या एका उपनदीवर बायोफिल्ममधल्या धातूंचा प्रोजेक्ट करायचा आहे. गाइड म्हणतात, दगड घासून आण आणि एएएसवर (धातू मोजायच्या यंत्रावर) लाव. एवढंच असतं का? (विद्यार्थिनी, कराड)

तुझे गाइड घाईत दिसतात. अगं, घासण्याच्या आधीच निम्मा प्रोजेक्ट बिघडू शकतो, म्हणून तुला सविस्तर लिहिते.

दगडाऐवजी काचेच्या स्लाइड वापर. एकाच वयाचा थर मिळतो हा त्यांचा सगळ्यात मोठा फायदा. नदीतला दगड कधीपासून तिथं पडलाय हे तुला माहीत नसतं. स्लाइड तू स्वतः टांगलेली असते. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसमध्ये रूथ पॅट्रिक नावाच्या बाईंनी 1948 मध्ये पेनसिल्व्हानियातल्या कोनेस्टोगा नदीची पाहणी केली आणि पुढं काचपट्ट्या धरणारं एक तरंगतं उपकरण बनवून नद्यांत सोडलं. त्याला डायटोमीटर म्हणतात. बाई 105 वर्षं जगल्या, 2013 साली वारल्या, आणि म्हातारपणीही गमबूट घालून ओढ्यात उतरत. तुझ्याजवळ डायटोमीटर नसेल तर ॲक्रिलिकच्या चौकटीत स्लाइड बसव. चौकट उभी आणि प्रवाहाला समांतर ठेव, म्हणजे गाळ कमी बसतो. तळापासून जरा वर टांग, नाहीतर गोगलगायी तुझा प्रोजेक्ट खाऊन टाकतील.

टाइल वापरायचा मोह होईल, कारण त्या फुकट मिळतात. चकचकीत टाइल अजिबात नको. झिलईत शिसं, कॅडमियम असू शकतं. आणि चौकट बांधायला हार्डवेअरच्या दुकानातून जीआय तार आणशील तर तुझ्या सगळ्या नमुन्यांत जस्त ओसंडून वाहील, कारण त्या तारेवर जस्ताचाच मुलामा असतो. नायलॉनची दोरी घे. थर खरवडायला स्टीलचं पातं नको. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असतं. नवा नायलॉन टूथब्रश किंवा प्लास्टिकची पट्टी पुरते. हातमोजे पावडर नसलेले नायट्राइलचे. रबरात आणि मोज्यातल्या पावडरीत जस्त सापडतं. आणि नावेवरचा जो गडी तुझ्याबरोबर येईल, त्याला नमुन्याजवळ तंबाखू मळू देऊ नकोस. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. तंबाखूचं रोप जमिनीतलं कॅडमियम मन लावून गोळा करतं.

बाटल्या आदल्या रात्री दहा टक्के नायट्रिक आम्लात भिजव आणि डिस्टिल्ड पाण्यानं धू. दर फेरीला एक कोरा नमुना ठेव: म्हणजे फक्त तुझं धुण्याचं पाणी, तोच ब्रश, तीच बाटली, नदीतलं काही नाही. त्यात जो धातू येईल तो तुझा स्वतःचा.

वेळ कोणती निवडायची? जून ते सप्टेंबर विसर. पुरात थर खरवडून जातो आणि जे उरतं ते शेतातली माती असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ. स्लाइड तीन-चार आठवडे पाण्यात राहू देत. वरची आणि खालची जागा अशी निवड की दोन्हीकडे ऊन आणि प्रवाहाचा वेग जवळपास सारखा असेल. एका जागी झाडाची सावली किंवा जलपर्णी आणि दुसऱ्या जागी टळटळीत ऊन असेल, तर फरक उन्हाचाच निघतो. सांडपाणी मिसळत असेल तिथं आणखी एक फसवणूक होते. नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर मिळाल्यानं थर भराभर वाढतो आणि धातू जास्त वजनात विभागला जातो. आकडा कमी येतो, नदी मात्र स्वच्छ नसते. म्हणून धातू दर ग्रॅम कोरड्या वजनाला किती आणि दर चौरस सेंटिमीटरला किती, दोन्ही लिही.

प्रत्येक जागेवरून निदान तीन स्वतंत्र नमुने घे. प्रत्येकाचे दोन भाग कर. एक भाग तसाच नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळव. हा एकूण धातू. दुसरा भाग आधी ईडीटीएच्या पातळ द्रावणात थोडा वेळ धू, मग विरघळव. ईडीटीए हे धातूला पकडणारं रसायन; ते बाहेरून चिकटलेला धातू काढून नेतं, उरतो तो पेशीच्या आतला. स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडोर्फच्या ‘एआवाग’ संस्थेतल्या लोकांनी याच रीतीनं ओढ्यातल्या थरावर काम केलं, पावसाच्या सरींनंतर तांबं आणि जस्त किती आणि किती वेगानं चढतं ते पाहिलं. शेवाळाला इजा होते ती मुख्यतः आतल्या धातूमुळे, हे लक्षात ठेवून दोन आकडे वेगळे दे. जस्त आणि तांबं एएएसच्या साध्या ज्वालेवर, म्हणजे फ्लेमवर मिळेल. कॅडमियम आणि शिशाला ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस ही जास्त संवेदनशील यंत्रं लागतील. फ्लेमवर ‘आढळले नाही’ आलं म्हणून खूश होऊ नकोस.

आता आपल्या मुलखाची गोष्ट, जी परदेशी पेपरांत तुला मिळणार नाही. आपण दख्खनच्या बेसाल्टवर बसलोय. बेसाल्टात तांबं, क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियम ग्रॅनाइटपेक्षा मुळातच पुष्कळ जास्त असतं. थरात काळ्या मातीचा गाळ अडकला की हे धातू कोणत्याही कारखान्याविना वर येतात. मी कित्येक अहवाल पाहिलेत ज्यात सह्याद्रीतल्या निर्मळ झऱ्याला युरोपातल्या आकड्यांशी ताडून ‘प्रदूषित’ ठरवलंय. यावर उपाय असा: धातूंबरोबर ॲल्युमिनियमही मोज. ॲल्युमिनियम मातीतून येतं, कारखान्यातून क्वचित. तांब्याचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर वरच्या आणि खालच्या जागी सारखंच असेल, तर खाली फक्त गाळ जास्त आहे. गुणोत्तर वाढलं असेल तर मग कारखान्याकडे बघ. राखेचं वजनही काढ. 550 अंशाला जाळून जे उडतं ते सेंद्रिय, उरतं ती राख.

सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर डायटमही बघ. तू ज्या भागात आहेस तिथं पाया पक्का घातलेला आहे. हे. पी. गांधींनी 1950 च्या दशकात कोल्हापूर आणि पन्हाळ्याच्या पाण्यातले डायटम नोंदवून ठेवले आहेत, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजही हे काम चालतं. नाव ओळखता आलं नाही तर तिथं विचार.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, विमान कंपनीतल्या कामासाठी तुलूजला असतो. इथल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की जिरोंदच्या खाडीतले ऑयस्टर कॅडमियममुळे खाता येत नव्हते, आणि कॅडमियम आलं होतं डोंगरातल्या एका झिंक कारखान्यातून. समुद्र तर इथून किती लांब! हे खरं आहे का? (तुलूज, फ्रान्स)

खरं आहे, आणि बायोफिल्मच्या अभ्यासातलं हे माझं आवडतं प्रकरण आहे. आव्हेरों भागात दकाझव्हिल नावाचं खाणीचं गाव. त्याच्या शेजारी विव्हिए इथं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जस्ताची खनिजं भाजून धातू काढत. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हमखास बरोबर असतं. (कॅडमियम तुम्हाला ओळखीचं आहे. आपल्याकडे सराफ ज्याला केडीएम दागिने म्हणत, त्यातला डाख याच धातूचा.) कारखान्याच्या टाकाऊ मालाच्या ढिगांतून झिरपलेलं पाणी रियू-मोर या ओढ्यात, तिथून लोत नदीत, लोतमधून गारोनमध्ये. तुमच्या तुलूजच्या बऱ्याच खाली, एग्वियोंजवळ लोत गारोनला मिळते, म्हणजे तुमच्या दारातल्या गारोनला याचा डाग नाही. पुढं गारोन आणि दोर्दोन्य मिळून जिरोंदची खाडी होते.

1986 मध्ये कारखान्यात अपघात होऊन एकदम बरंच कॅडमियम वाहून गेलं. पुढच्याच वर्षी जस्त काढणं थांबलं. पण लोतवर धरणं आहेत, त्यांच्या मागच्या गाळात जुनं कॅडमियम बसून राहिलं आणि पुरात उठत राहिलं. खाडीतल्या ऑयस्टरवर 1990 च्या दशकात खाण्यासाठी काढायची बंदी आली.

बोर्दोच्या संशोधकांनी 2000 नंतरच्या दशकात रियू-मोरमध्ये काचपट्ट्या टांगल्या: काही कारखान्याच्या वर, काही खाली, काही लोतमध्ये. खालच्या पट्ट्यांवरच्या थरात कॅडमियम आणि जस्त तर भरून होतंच, पण तिथले रहिवासीही वेगळे होते. मोठ्या, ताठ उभ्या राहणाऱ्या जाती कमी, आणि काचेला घट्ट चिकटून राहणाऱ्या इवल्याशा जाती जास्त. काही डायटमची कवचं वाकडी, मध्येच चेमटलेली. नंतर त्यांनी धातू पिऊन बसलेल्या पट्ट्या उचलून स्वच्छ पाण्यात नेऊन ठेवल्या. थरातला धातू उतरत गेला आणि रहिवासीही हळूहळू बदलले.

वाकड्या कवचांबद्दल एक सावधगिरी. अगदी स्वच्छ ओढ्यातही थोडी वाकडी कवचं सापडतात, आणि तणनाशकानं, सिलिका कमी पडल्यानंही ती वाकतात. वर्तमानपत्रवाल्यांना वाकडा डायटम फार आवडतो; मी त्याला पुरवणी पुरावा मानते, मुख्य नाही.

प्रश्न : आमची तासगावला द्राक्षबाग आहे. दरवर्षी बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या होतात. तुमच्या त्या थरात आमचं मोरचूदही जातं का? (द्राक्ष बागायतदार)

जातं. प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून प्रामाणिकपणे सांगते. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. ते जमिनीत फारसं हलत नाही, वर्षानुवर्षं वरच्या थरात साचतं, आणि वळवाच्या पावसात माती वाहिली की मातीबरोबर ओढ्यात जातं. तळ्यातलं शेवाळ मारायला मोरचूदच टाकतात, मग ओढ्यातल्या शेवाळाचं काय होत असेल ते तुम्हीच ओळखा.

ज्या देशानं हे मिश्रण शोधलं तिथंच याचा शोधही झालाय. फ्रान्समधल्या बोज्योलेच्या द्राक्षमळ्यांतून मोर्सीय नावाची लहानशी नदी वाहते. मळ्यांच्या वर आणि खाली, अशा दोन जागांचा थर तिथं अनेक वर्षं तपासला गेला. पण त्यांनी नुसतं तांबं मोजलं नाही. स्वीडनच्या हान्स ब्लांक आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये एक रीत मांडली होती, ती त्यांनी वापरली. एखाद्या पंगतीत कोल्हापूरचा कोण आणि पुण्याचा कोण हे ओळखायचं असेल तर सगळ्यांना तांबड्या रश्शाची वाटी द्यावी आणि कोणाच्या कपाळावर घाम येतो ते बघावं. तसंच इथं. दोन्ही जागांचे थर प्रयोगशाळेत आणून त्यांना तांब्याचे वाढते डोस द्यायचे आणि प्रकाशसंश्लेषण कधी मंदावतं ते पाहायचं. मळ्यांखालचा थर जास्त तांबं सहन करायचा, कारण नाजूक जाती आधीच मरून गेलेल्या आणि सोसणाऱ्या उरलेल्या. म्हणजे तांबं नुसतं पोचलं नाही, त्यानं तिथल्या जिवांना निवडलंही, हे सिद्ध झालं. हे आकड्यांपेक्षा मोठं आहे. नुसता साठा दाखवून ‘इजा झाली’ म्हणता येत नाही.

त्याच नदीत ड्युरॉन नावाच्या तणनाशकाचीही अशीच सवय थराला लागली होती. फ्रान्सनं 2008 च्या अखेरीस ते बंद केलं आणि पुढच्या काही वर्षांत थराची ती सवय कमी होत गेली. तांबं मात्र मळ्यांत अजून वापरतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ओढ्याच्या काठाची गवताची पट्टी नांगरू नका, आणि पंपाची टाकी ओढ्यात धुऊ नका. मोरचूद सोडा असं मी म्हणणार नाही. डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) आल्यावर तुम्ही माझं ऐकणारही नाही.

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंग युनिट चालवतो. पिण्याच्या पाण्याला 5 मिग्रॅ जस्त चालतं असं भारतीय मानकच सांगतं. आमच्या खालच्या ओढ्यात अर्धा मिग्रॅसुद्धा नाही, तरी ‘नदी मारली’ म्हणून बोंब. माणसाला चालतं ते शेवाळाला का चालू नये? (एक उद्योजक)

मानक बरोबर वाचलंत. आयएस 10500 मध्ये जस्ताची स्वीकार्य मर्यादा लिटरला 5 मिग्रॅच आहे, आणि दुसरं पाणी नसेल तर 15 पर्यंत. पण ती माणसासाठी आहे. आपण पाणी पितो, पोटातून जस्त जातं, शरीराला ते लागतंही. मासा कल्ल्यांनी पाणी गाळून श्वास घेतो, डायटम तर पाण्यातच उघडा पडलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी जस्ताची मर्यादा 0.12 मिग्रॅच्या आसपास ठरवलीय, तीही मध्यम कठीण पाण्यात. पाणी मऊ असेल तर आणखी कमी. म्हणजे तुमचं अर्धा मिग्रॅ पाणी पिऊन तुम्हाला काही होणार नाही, आणि ओढ्यातले मासे मरू शकतात. कॅडमियमचं तसं नाही: पिण्याच्या पाण्यातही फक्त 0.003 मिग्रॅ. धातूनुसार हिशेब बदलतो.

सांडपाण्यालाही जस्ताची सर्वसाधारण मर्यादा 5 मिग्रॅच आहे, हे तुम्ही पुढच्या पत्रात लिहाल म्हणून आधीच उत्तर देते. त्या मर्यादेमागं नदीत पाणी मिसळून धातू विरळ होईल असं गृहीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या ओढ्यात तुमच्याच पाण्याखेरीज दुसरं पाणी किती असतं?

प्रश्न : हा थर धातू ओढून घेतो तर नदीत मुद्दाम वाढवून पाणी स्वच्छ का करू नये? (युवक मंडळ, वाळवा तालुका)

कल्पना कोणालाही सुचेल अशी आहे, आणि बंद टाकीत, नीट काढून घेता येईल अशा रीतीनं काही ठिकाणी वापरतातही. नदीत नको. थर जाड झाला की आपल्याच वजनानं सुटतो, खाली वाहत जातो, आणि धातू तुमच्या गावाऐवजी पुढच्या गावाला पोचतो. पाऱ्याच्या बाबतीत तर हा थर चक्क घातकी ठरतो. अमेरिकेत टेनेसीमधल्या ओक रिजच्या अणुकेंद्रात 1950 आणि 60 च्या दशकांत लिथियम वेगळं करायला पारा वापरला, तो तिथल्या ईस्ट फोर्क पॉप्लर क्रीकमध्ये गेला. त्या ओढ्यातल्या थरातले जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथाइल-पारा करतात असं दिसून आलं. जपानमधल्या मिनामाताची माणसं ज्यानं गेली तो हाच मिथाइल-पारा. साधा पारा माशांत फार साठत नाही, मिथाइल-पारा साठतो.

प्रश्न : आमच्याकडं ओढ्यातले मळ्या मासे भाजून खातात. तुमचं वाचून सासूबाई घाबरल्या. खावेत का? (गृहिणी, तालुका शाहूवाडी)

सासूबाईंना सांगा, तुमच्या वरच्या ओढ्यांवर, जिथं कारखाना नाही, तिथले मासे बिनधास्त खा. मळ्या हा दगडावरचा थर खरवडून जगणारा मासा आहे, म्हणून धातू असलाच तर त्याच्याकडं लवकर पोचतो, आणि तो मुख्यतः आतड्यात, यकृतात आणि कल्ल्यांत साठतो, मांसात कमी. मासा लहान असल्यानं पुष्कळ घरी तो पोटासकट भाजतात. तेवढं बदला: पोट आणि कल्ले काढून टाका. प्लेटिंगचं किंवा रंगाचं पाणी येणाऱ्या ओढ्यातला मात्र पोट काढूनही नको. आणि ज्या ओढ्यात पूर्वी मळ्या होता आणि आता दगड बुळबुळीत असूनही तो दिसत नाही, त्याची जागा मला लिहून कळवा.